मास्तरांचं सगळ्यात चांगलं वाक्य

मास्तर दिवसा लोकांना गाडी शिकवायचे आणि संध्याकाळी सरकारला शिव्या द्यायचे. पहिल्या कामावर घर चालायचं आणि दुसऱ्यावर मास्तर स्वतः. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. समोरचा कितीही चुकला तरी आपला पाय आहे, हा त्या धंद्यातला मोठा आधार. सरकारच्या बाबतीत आपल्या पायाशी असा ब्रेक नाही, ही मास्तरांची जुनी तक्रार होती, आणि ती तक्रार पोटात मावेना म्हणून त्यांनी ब्लॉग काढला. ब्लॉगचं नाव ठेवलं ‘हँडब्रेक’.

सुरुवात साधीच होती. झाडामागे लपलेला सिग्नल, पुसट झालेले रस्त्यावरचे पट्टे, लायसन्सच्या परीक्षेच्या मैदानावरचे मोडके शंकू. मग कधीतरी नगरपालिकेवरून गाडी मंत्र्यांवर गेली आणि तिथून परत आलीच नाही. लेखाखाली भांडणारी मंडळी ठरलेली होती. ‘जळका टोस्ट’ नावाचा कुणीतरी प्रत्येक लेखाला “अगदी मनातलं बोललात” म्हणायचा. ‘एक देशप्रेमी’ नावाचा दुसरा कुणीतरी सगळ्यांच्या आधी येऊन मास्तरांना देशाबाहेर हाकलून द्यायचा. तो एखाद्या दिवशी उशिरा उगवला तर मास्तर कासावीस व्हायचे, आजारी-बिजारी पडला की काय म्हणून. आणि एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांचा स्वतःचा ब्लॉग होता, लेखापेक्षा तळटीपा लांब. ते महिन्या-दोन महिन्यांनी ‘हँडब्रेक’चा उल्लेख करायचे, आणि त्या दिवशी मास्तर शिकणाऱ्यांवर ओरडायचे नाहीत.

मास्तरांची बायको ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस सांभाळायची. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फोन, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि कोपऱ्यात एक जुना टायर, जो काढायचा काढायचा म्हणून राहिला होता. लेख लोकांपुढे जायच्या आधी तिच्याकडे जायचा. ती चष्मा डोक्यावर सारून वाचायची आणि मास्तरांना ज्या वाक्याचा सगळ्यात जास्त अभिमान असेल नेमकं तेच काढायला सांगायची. “अहो, एवढं छान कशाला लिहिता? साधं लिहा ना,” असं तिचं म्हणणं. मास्तर चडफडायचे, आणि बहुतेक वेळा काढायचे.

त्या वर्षी सीमेपलीकडे युद्ध चालू होतं. म्हणजे सरकारच्या मते संपलं होतं, पण माणसं अजून परत यायची होती. परत आलेल्यांपैकी एक जण मास्तरांकडे गाडी शिकायला आला. सैन्यात तो आचारी होता. बंदूक त्याने शिकताना हातात धरली तेवढीच, पुढची सगळी वर्षं पातेली. रुंद बांध्याचा, मऊ बोलणारा, गाडीत बसताना बूट झटकून बसणारा माणूस. एका कारखान्याच्या कॅन्टीनची जेवण पोचवणारी गाडी चालवायची नोकरी त्याला मिळत होती, फक्त लायसन्स हवं होतं. घरी बायको होती आणि नुकती चालायला लागलेली मुलगी. डोळे मात्र कायम तांबारलेले. मास्तरांना आधी वाटलं, पितो की काय. जवळ बसल्यावर कळलं, हा माणूस पीत नाही, झोपत नाही.

पुढे जायला तो पटकन शिकला. पहिल्यांदा गाडी मागे घ्यायची वेळ आली तेव्हा गंमत झाली. गिअर मागचा पडला, गाडीची पिप-पिप सुरू झाली, आणि आचाऱ्याने दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून कानांवर घट्ट दाबले. गाडी आपली भिंतीकडे निघाली. मास्तरांनी आपला ब्रेक दाबला.

“अहो, कान काय झाकता? मी अजून ओरडलोसुद्धा नाही,” मास्तर म्हणाले.

आचारी हसला, सॉरी म्हणाला. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि त्यांची चेष्टा घशातच राहिली. त्या दिवशी धडा संपल्यावर त्यांनी वायरमनकडे जाऊन ती पिप-पिप काढूनच टाकली. वायरमनने विचारलं, का हो? मास्तर म्हणाले, डोकं उठतं.

आता गाडीत एक असतं. शेजारी बसलेली दोन माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, समोर रस्त्याकडे बघतात. त्यामुळे माणूस तिथे जे बोलतो ते समोरासमोर बसून कधी बोलत नाही. मास्तरांनी त्या सीटवर बसून लोकांची मोडलेली लग्नं ऐकली होती, भावाभावांतल्या वाटण्या ऐकल्या होत्या, आणि सगळं पोटात ठेवलं होतं. आवाज बंद झाल्याचं आचाऱ्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने गाडी पुढे घेऊन पुन्हा एकदा मागे घेऊन पाहिली. मग सरळ रस्त्याला लागल्यावर, आरशात बघत, त्याने विचारलं, “तुम्ही तो आवाज काढला ना, सर?”

“काढला.”

“का काढला विचारणार नाही?”

“तुम्हाला सांगायचं असेल तर सांगा. नाहीतर डावीकडचा इंडिकेटर द्या, वळायचंय.”

आचाऱ्याने इंडिकेटर दिला, वळला, आणि सांगितलं.

“आमच्या छावणीत युद्धकैदी होते. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले. त्यांच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं होतं, काय ते मला माहीत नाही. डोक्यावर पिशव्या घालून उभं करायचे, हात लांब करून. पडला की पाणी मारायचं, परत उभा. आणि झोपू द्यायचं नाही. त्यासाठी ट्रक शेडला पाठ लावून उभा करायचे. इंजिन बंद, चावी चालू, गिअर मागचा. रात्रभर पिप पिप पिप. बॅटरी उतरली की दुसरा ट्रक. माझं स्वयंपाकघर शेडच्या पलीकडेच होतं. मी त्यांचं जेवण करायचो, सर. एक म्हातारा होता, ताट परत देताना मान हलवायचा, चांगलं झालंय म्हणून. भाषा येत नव्हती ना एकमेकांची. एक दिवस त्याचं ताट भरलेलंच परत आलं. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, आजपासून एक ताट कमी कर.”

मास्तरांनी गाडी कडेला घ्यायला लावली. समोर एक बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती.

“कुणाला सांगितलंत?” मास्तरांनी विचारलं.

“बायकोलासुद्धा नाही. निघताना सही घेतलीय. बोललो तर तुरुंग. पोरगी लहान आहे माझी.”

मास्तर घरी आले ते धुमसतच. तरी लिहिलं नाही. दुसऱ्याचं दुःख आपल्या लेखासाठी उचलायचं नाही एवढी अक्कल त्यांना होती. लिहायला भाग पाडलं ते परीक्षेने.

परीक्षा घेणारे साहेब म्हणजे एक प्रकरण होतं. वाळके, काळा चष्मा, शर्टाच्या खिशात एकच पेन. ते उमेदवाराच्या शेजारी बसायचे, गाडीच्या काचा वर करायला लावायचे, आणि नापास का झालास हे फक्त नापास झालेल्यालाच सांगायचे. बाकी कुणालाही नाही. बाप आला, आमदाराचा माणूस आला, शिकवणारा मास्तर आला, सगळ्यांना एकच उत्तर: “त्याला विचारा.” मास्तरांनी मागे या सवयीवर एक चिडका लेखच लिहिला होता, ‘साहेबांच्या तोंडाला कुलूप आणि चावी सरकारकडे’. जनतेला कारण कळलंच पाहिजे, अशी गर्जना त्यात तीन-चार वेळा केली होती. साहेबांनी कधी त्यावर अवाक्षर काढलं नाही, पण तेव्हापासून मास्तरांच्या नमस्काराला ते नुसती हनुवटी हलवून उत्तर द्यायचे.

आचाऱ्याच्या परीक्षेच्या दिवशी मास्तर बाकीच्या शाळांच्या लोकांबरोबर लांब पत्र्याखाली बसले होते. तिथून गाडीची फक्त मागची काच दिसते. गाडी छान पुढे गेली, वळली, थांबली. मागे यायला लागली. तेवढ्यात शेजारच्या पट्ट्यात दुसऱ्या शाळेची व्हॅन मागे सरकायला लागली, पिप-पिप करत. आचाऱ्याची गाडी वेडीवाकडी झाली आणि दोन शंकू आडवे करून थांबली. नापास.

“काय झालं, साहेब?” मास्तर धावत गेले.

“त्याला विचारा,” साहेब म्हणाले.

विचारायची गरज नव्हती. परतीच्या वाटेवर आचारी शेजारच्या सीटवर बसला होता, हात मांडीखाली दाबून. पुढच्या वेळीही असंच होणार, म्हणाला. नोकरी जाणार. त्याच रात्री टीव्हीवर मंत्री सांगत होते की छावण्यांमध्ये असा कुठलाही प्रकार घडलेला नाही, आणि घडला असल्यास त्याची माहिती नाही, आणि माहिती असल्यास ती देता येणार नाही. सकाळी आचारी आपण होऊन ऑफिसात आला आणि दारात उभा राहूनच म्हणाला, “सर, तुम्ही ते लिहिता ना? लिहा. पण मी त्यात दिसता कामा नये.”

मास्तरांनी लिहिलं. नाव नाही, आचारी नाही, तुकडी नाही, महिना नाही. ताट काढून टाकलं, कारण ताटावरून आचारी कळला असता. छावणीत काम केलेला एक माणूस, एवढंच. बायकोने चष्मा वर सारून वाचलं आणि पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. ते वाक्य असं होतं: ‘माझा एक विद्यार्थी गाडी मागे घेताना स्टेअरिंग सोडून दोन्ही कान झाकतो, कारण त्याने जे ऐकलंय ते आपलं सरकार ऐकायला तयार नाही.’

“हे काढा,” ती म्हणाली.

“हे? अगं, हा तर लेखाचा जीव आहे!”

“छान आहे, म्हणूनच काढा. बाकी सगळं कुणाचंही असेल. हे एकाच माणसाचं आहे.”

“कान कोण कुठे बघतं? माझ्या गाडीत झाकले, मी बघितलं. बस.”

माणूस जे रोज बघतो त्याने तो माणसं ओळखतो. न्हावी केसांवरून ओळखेल, शिंपी खांद्यावरून, आणि गाडी शिकवणारा रिव्हर्सवरून. मास्तरांना वाटलं की ही खूण फक्त आपल्याला वाचता येते. परीक्षा घेणारा माणूस दिवसभर हेच बघतो, आणि तो सरकारी माणूस आहे, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. वाक्याच्या प्रेमात पडलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही.

लेख गेला आणि पेटला. प्राध्यापकांनी तो उचलला, तळटीप न लावता, हे आजवर झालं नव्हतं. ज्यांची नावं मास्तर नुसती दुरून वाचायचे असे मोठमोठे ब्लॉगवाले त्यावर लिहायला लागले. सरकारच्या बाजूचे म्हणाले, हा विद्यार्थीच काल्पनिक आहे. ‘एक देशप्रेमी’ने मास्तरांना एका दिवसात दोनदा देशाबाहेर काढलं. आणि सगळ्यांच्या तोंडी तेच एक वाक्य. कुणीतरी ते मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवलं, त्याचा फोटो आला. मास्तर तो फोटो दिवसातून किती वेळा बघायचे, ते विचारू नका.

मग ऑफिसात दोघं जण आले. एकसारखे शर्ट, एकसारखे बूट, जणू घाऊक घेतले होते. मंत्रालयातून आलोय म्हणाले. बायकोने त्यांना जुन्या टायरजवळच्या खुर्च्या दिल्या.

“तुमचा तो विद्यार्थी कोण?” एकाने विचारलं.

“माझ्याकडे पुष्कळ येतात,” मास्तर म्हणाले.

“कान झाकणारा.”

“मी ओरडायला लागलो की सगळेच झाकतात.”

दुसरा हसला नाही. तो उठला आणि भिंतीवरचा रस्त्याच्या खुणांचा तक्ता बघत म्हणाला, “हरकत नाही. तुम्ही शिकवता, परीक्षा तर दुसरं कुणी घेतं ना? तिथे विचारू.”

ते गेले आणि मास्तर टायरवरच बसले. आचाऱ्याने कान झाकले तेव्हा शेजारी साहेब बसले होते. काचा वर, दोघंच. साहेबांनी सगळं बघितलेलं होतं, आणि लेख तर आता शहरातल्या पोरासोरांनी वाचला होता. साहेबांनी तो वाचला नसेल हे शक्यच नव्हतं. साहेबांनी नुसतं बोट दाखवलं की आचारी तुरुंगात. ती नुकती चालायला लागलेली पोरगी मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलेना.

“फोन करू का साहेबांना?” त्यांनी विचारलं.

“आणि काय सांगणार? सांगू नका म्हणून? म्हणजे सांगितल्यासारखंच की.” बायको टेबलावर दोन्ही कोपर टेकून बसली होती. मी सांगत होते, असं ती एकदाही म्हणाली नाही. मास्तरांना ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे दुसरे दोन विद्यार्थी परीक्षेला होते, त्यामुळे मैदानावर जाणं भागच होतं. साहेबांच्या खोलीचं दार बंद होतं आणि बाहेर मंत्रालयाची गाडी उभी होती. पत्र्याखाली बाकीच्या शाळांचे लोक चहा पीत होते. कुणीतरी मास्तरांना चहा दिला, तो त्यांच्या हातात तसाच निवला. ज्या साहेबांवर आपण एवढं लिहिलं, कुलूप काय, चावी काय, त्यांनी आपल्यासाठी का म्हणून तोंड बंद ठेवावं? मी असतो तर ठेवलं असतं का? या प्रश्नाचं जे उत्तर त्यांना आतून आलं ते काही फार शोभणारं नव्हतं.

दार उघडलं. ते दोघं बाहेर आले, गाडीत बसले आणि गेले. त्यांच्या तोंडांवरून काही कळेना. साहेबांनी दारातून हनुवटी हलवली. मास्तर आत गेले. खोलीत एक टेबल, एक पंखा, खिडकीत नवे कोरे शंकू एकात एक घालून ठेवलेले.

“बसा,” साहेब म्हणाले.

मास्तर बसले. “कोण होते हो ते?”

“तुम्हाला माहीत आहे कोण होते.”

“काय म्हणत होते?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांचे डोळे इतके साधे असतील असं मास्तरांना कधी वाटलं नव्हतं. “विचारत होते, मागे घेताना कान कोण झाकतं. मी म्हटलं, कान झाकणारे येतात, डोळे झाकणारे येतात, आईला हाका मारणारे येतात. एक जण तर उतरून पळाला होता. त्यातला कोण का नापास झाला, ते मी ज्याचं त्याला सांगतो. दुसऱ्याला सांगत नाही.”

“आणि त्यांनी ऐकलं?”

“कसं ऐकतील? म्हणाले, असं कुठे असतं. मग मी त्यांना तुमचा लेख दाखवला.”

“कुठला लेख?”

“कुलूपवाला.” साहेबांनी फोन पुढे केला. खरंच, तोच लेख होता, मास्तरांच्या सगळ्या गर्जनांसकट. “म्हटलं, वाचा. हा ब्लॉगवाला माझ्यावर जळतो, आणि तोसुद्धा लिहितो की हा माणूस कुणालाच काही सांगत नाही. याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही. त्यांनी पूर्ण वाचला. शेवटचा परिच्छेद जरा लांबलाय, बरं का.”

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. “पण ते परत येतील ना? हुकूम घेऊन?”

“मीच म्हटलं, लेखी हुकूम आणा, लगेच सांगतो. त्यावर एवढंच लिहून आणा की कुठल्या प्रकरणातला माणूस हवाय. मंत्री तर म्हणतात असं काही घडलंच नाही. मग न घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार शोधतोय, या कागदावर सही कोण करणार, त्याचंही नाव घाला.” साहेबांनी चष्मा परत चढवला. “तेव्हा ते उठले. मी इतकी वर्षं नोकरीत आहे, मास्तर. असा कागद येत नाही.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला, आणि पडताना त्यांच्या तोंडून हुंदक्यासारखा काहीतरी आवाज निघाला. टेबलावरून वाकून त्यांनी साहेबांचा हात धरला. साहेबांनी तो थोडा वेळ धरू दिला आणि मग सोडवून घेतला. त्यांना दया आली होती की आपल्या नियमाचा अभिमान होता, हे मास्तरांना तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही. पण त्यांना त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं, एवढं खरं.

त्या संध्याकाळी ते आचाऱ्याच्या घरी गेले. सगळं सांगितलं, वाक्याचंही. बायको काढा म्हणत होती, मला ते वाक्य सोडवेना, चूक माझी. खाली बघत बोलले. मुलगी त्यांच्या बुटाच्या नाडीशी खेळत होती.

आचारी काही बोलायच्या आधी त्याची बायकोच बोलली. “मला त्या वाक्यावरून कळलं. हे कुकरची शिट्टी झाली तरी कान झाकतात. रात्री उठून स्वयंपाकघरात जाऊन बसतात. विचारलं की म्हणायचे, उकडतंय. मला वाटायचं, आता मी नकोशी झाले असेन. लेख वाचला आणि मी यांना म्हटलं, हे तुम्हीच ना? तेव्हा पहिल्यांदा रडले.”

“मला वाईट नाही वाटलं, सर,” आचारी म्हणाला. “भीती वाटली. पण आधीही भीतीच होती की.”

तिकडे लेखाखाली वेगळंच काहीतरी सुरू झालं होतं. कुठल्या तरी गावच्या बसड्रायव्हरने लिहिलं, मीही त्या छावणीत होतो, ट्रक मीच लावायचो, आता बस मागे घ्यायची वेळ आली की कंडक्टरला चालवायला देतो. एका नर्सने लिहिलं, तिथे वारलेल्या एका म्हाताऱ्याच्या कागदावर मला आजारपण लिहायला लावलं, आजार त्याला नव्हता. मग आणखी एक, मग आणखी. कान झाकणारा एकच माणूस शोधत आलेल्यांना आता निम्मी छावणी शोधावी लागली असती. ‘एक देशप्रेमी’ दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने फक्त एवढंच विचारलं की, हे खरं आहे का? मास्तरांनी त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो करून उत्तर दिलं.

सभागृहाची चौकशी समिती बसली. साक्ष देणाऱ्यावर सहीच्या कागदावरून कारवाई होणार नाही, असं अध्यक्षांनी जाहीर केलं, आणि त्या दिवशी आचारी आपण होऊन म्हणाला, “मी जातो.” मास्तरांनी त्याला गाडीतून नेलं. लाकडी बाकं, पाण्याचे ग्लास, खोकणारे लोक. आचारी उभा राहून बोलला, मऊ आवाजात, कुठेही न थांबता. पिशव्यांचं सांगितलं, ट्रकचं सांगितलं. ताटाचंही सांगितलं, भरून परत आलेलं आणि दुसऱ्या दिवशी कमी केलेलं. तेव्हा खोकणारेही गप्प झाले. अध्यक्षबाईंनी छावणीच्या प्रमुखाला विचारलं, ताट कमी करायचा हुकूम कुणी दिला? प्रमुख म्हणाला, आठवत नाही. बाई म्हणाल्या, आठवा, आम्ही बसलोय.

आणि त्या बसल्या खरंच. पुढच्या दिवसांत नर्स बोलली, बसड्रायव्हर बोलला. प्रमुखाला शेवटी आठवलं. शेड रिकाम्या झाल्या, कैद्यांना युद्धातल्या जखमींची आणि कैद्यांची काळजी घेणाऱ्या परदेशी संस्थेच्या ताब्यात दिलं, आणि म्हाताऱ्याच्या मृत्यूची केस पुन्हा उघडली. मंत्री लगेच गेले नाहीत. मंत्री लगेच जात नसतात, खुर्ची त्यांना अंगालाच चिकटलेली असते. पण आठवड्याच्या शेवटी ते सभागृहात उभे राहिले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, “हे घडलं. आमच्या छावणीत घडलं. जबाबदारी माझी.” मास्तर आणि बायको टीव्हीसमोर उभेच होते, बसायचं सुचलं नव्हतं. बायकोने टीव्ही बंद केला आणि पदराने मास्तरांचे डोळे पुसले. मग आपलेही पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचाऱ्याची परीक्षा होती. साहेबांनी त्याला पहिली वेळ दिली होती, मैदानावर दुसरी गाडी नसताना. परीक्षेला उशीर करणारा विद्यार्थी मास्तरांना खपत नसे. पूर्वी एक-दोघांना त्यांनी त्यावरून शाळेतूनच काढलं होतं. ते ठरल्या कोपऱ्यावर गाडी लावून वाट बघत राहिले. आचारी येईना. वेळ सरायला लागली तसा त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी फोन लावला. आचाऱ्याच्या बायकोने उचलला, आणि ती अगदी कुजबुजत बोलायला लागली.

“झोपलेत, सर. काल टीव्हीवर मंत्री ‘घडलं’ म्हणाले ना, ते ऐकता ऐकता हे खुर्चीतच झोपले. मी पांघरूण घातलं तरी कळलं नाही. पोरीने पातेली आपटली, तरी नाही. अजून तसेच आहेत. परीक्षा आहे, माहितीये मला. उठवू का?”

“नको!” मास्तर ओरडले आणि मग त्यांनीही आवाज खाली आणला. “नको नको, ताई. अजिबात उठवू नका. मी बघतो काय ते.”

मैदान मोकळं होतं. नवे शंकू सरळ रांगेत लावलेले. साहेब पेन काढून उभे होते. मास्तर एकटेच गाडीतून उतरले.

“उमेदवार कुठे?” साहेबांनी विचारलं.

“आला नाही.”

“गैरहजेरीचं कारण लागतं, मास्तर. इथे लिहावं लागतं.”

“झोप लागली त्याला,” मास्तर म्हणाले.

साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. मग म्हणाले, “चांगलं कारण आहे,” आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली.